अनवाणी चालण्याचे बूट

बेअरफूट शूज या नावाने विकल्या जाणाऱ्या बुटाची ओळख चार गोष्टींवरून पटते. सोल पातळ असतो, बहुतेकदा एक सेंटिमीटरच्या आतच. टाच आणि चवडा एकाच पातळीवर असतात. पुढचा भाग बोटांना पसरता येईल इतका रुंद असतो. आणि बुटाची हातात धरून सहज गुंडाळी होते. धावण्याच्या नेहमीच्या बुटात टाच चवड्यापेक्षा आठ ते बारा मिलिमीटर उंच असते; इथे हा उतार शून्य. कमानीखाली उशी नाही, टाचेभोवती कडक वाटी नाही, घोट्याला आधार नाही. गेली पन्नास वर्षे जाहिराती करकरून बुटात जे जे भरले गेले, ते सगळे काढून टाकल्यावर जे उरते ते हे. परदेशी बनावटीचे असेल, तर त्या उरलेल्याला दहा हजार रुपये सहज पडतात.

गुंडाळी हा यातला सर्वांत आकर्षक गुण. दुकानदार ती करून दाखवतो, घेणारा स्वतः करून पाहतो, आणि पुढचा महिनाभर घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी ती पाहावी लागते. बूट पायात असताना गुंडाळण्याची वेळ कोणावर का यावी, हे मात्र कोणी विचारत नाही. घरातली वडीलधारी मंडळी वेगळाच प्रश्न विचारतात. ‘अनवाणीच चालायचं तर बूट कशाला? तसाच चाल की, फुकट आहे.’ प्रश्न बिनतोड वाटतो, पण त्याला उत्तर आहे आणि ते रस्त्यावरच पडलेले असते: काचा, खिळे, पानाच्या पिचकाऱ्या, मे महिन्यातले डांबर आणि मोकाट कुत्र्यांची कृपा. ओल्या मातीतल्या अंकुशकृमीच्या अळ्या तळपायाच्या त्वचेतून सरळ शरीरात शिरतात, म्हणून भीती नुसत्या घाणीचीही नाही. पायाला जमीन जाणवावी, पण जमिनीवरचे काही पायाला लागू नये, एवढी अवघड मागणी हा चार-सहा मिलिमीटर रबराचा तुकडा पुरी करू पाहतो.

मुळात पायाला जमीन जाणवून करायचे काय, हे पाहण्यासाठी पायाच्या आत डोकावावे लागते. एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. दोन्ही पावलांची मिळून हाडे होतात ५२, म्हणजे शरीरातल्या एकूण २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा घोट्याखालीच राहतो. त्यांना बांधून ठेवणारे स्नायू, अस्थिबंध आणि कंडरा मिळून शंभराच्या वर. जमीन उंचसखल झाली की तळव्याच्या त्वचेला ते कळते आणि ही सगळी मंडळी आपापला ताण कमी-जास्त करून तोल सांभाळतात. जाड, मऊ, कमानदार बुटात त्यांच्या वाटणीचे बरेचसे काम बूटच करून टाकतो. चाळीस वर्षे बसून पगार घेतलेल्या सरकारी खात्याला एके सकाळी अचानक कामाला जुंपावे, तशी मग त्यांची गत होते. पहिल्या दिवशी उत्साहाने हजेरी लागते. दुसऱ्या दिवशी रजेचे अर्ज येतात. पहिला अर्ज पोटरीचा असतो.

पोटरीचे गाऱ्हाणे रास्त आहे. टाच दहा मिलिमीटर खाली आली की टाचेमागच्या जाड कंडरेला दर पावलाला जास्त ताणले जावे लागते, आणि या कंडरेचे दुसरे टोक पोटरीच्या स्नायूंनाच जोडलेले आहे. गंमत अशी, की चालताना यातले काहीच समजत नाही. उलट पावले हलकी पडतात, फरशीचा गारवा जाणवतो, बागेतल्या वाटेवरचा वाळूचा कण न् कण ओळखीचा वाटतो. नवशिका या आनंदात नेहमीच्या दुप्पट फेऱ्या मारून येतो आणि घरच्यांना तळव्याच्या संवेदना या विषयावर व्याख्यान देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच इसम इमारतीच्या जिन्यात कठडा दोन्ही हातांनी धरून, आडवा होऊन, एकेक पायरी उतरताना आढळतो. खालून दुधाची पिशवी घेऊन येणारे शेजारी थबकतात.

‘काय हो, पडलात की काय?’

‘नाही, बूट बदलले.’

शेजारी आपल्या पायांतल्या स्लीपरकडे एकवार पाहून घेतात आणि वाट देतात.

या बुटांचा आधुनिक इतिहास ज्या घराण्यात सुरू होतो ते घराणे जाड सोलांसाठी प्रसिद्ध होते, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. १९३५ मध्ये आल्प्सच्या चढाईत व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती दगावले. पायांतले बूट अशा हवामानाच्या लायकीचे नव्हते, हे त्याने मनावर घेतले आणि १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी सोल बाजारात आणला. त्या सोलाला रणगाड्यावरून नाव मिळाले आणि ‘व्हिब्रम’ हे कंपनीचे नाव ब्रामानीच्याच नाव-आडनावातून तयार झाले. पुढे साठेक वर्षांनी, १९९९ मध्ये, रॉबर्ट फ्लिरी नावाच्या औद्योगिक रचनेच्या विद्यार्थ्याला पायाच्या पाच बोटांना पाच वेगळे कप्पे असलेला बूट सुचला. रणगाडेवाल्या कंपनीनेच तो उचलून धरला आणि २००५ च्या सुमारास ‘फाइव्हफिंगर्स’ बाजारात आले. सुरुवातीला ते शिडाच्या नौकांवर ओल्या फळ्यांवरून वावरणाऱ्यांसाठी होते. नौका बाळगणारे लोक जगात थोडे आणि गुडघे दुखणारे फार, त्यामुळे बुटांनी लवकरच किनारा गाठला.

खरी लाट आली ती २००९ मध्ये क्रिस्टोफर मॅकडूगल यांच्या ‘बॉर्न टू रन’ या पुस्तकामुळे. मेक्सिकोतल्या कॉपर कॅन्यनच्या दऱ्याखोऱ्यांत राहणारे रारामुरी लोक पातळ चपला घालून अफाट अंतरे धावतात, हे त्यातून जगाला कळले. पाठोपाठ जानेवारी २०१० मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. अनवाणी धावायची सवय असलेले लोक बहुधा चवड्यावर किंवा सपाट पावलावर उतरतात. बूटवाले बहुधा टाचेवर आदळतात. आणि टाचेवर आदळताना जो झटका बसतो तो चवड्यावर उतरताना जवळजवळ नसतो, असे त्याचे सार. निबंध धावण्याविषयी होता आणि दुखापती कमी होतात असा दावा त्यात नव्हता. पण निबंध वाचणारे थोडे आणि निबंधाविषयी ऐकणारे पुष्कळ.

यातूनच एक खास चाल जन्माला आली. बऱ्याच नवशिक्यांनी धावण्याचा नियम चालण्याला लावला आणि सकाळच्या बागांमध्ये चवड्यांवर चालणारी माणसे दिसू लागली. रात्री उशिरा घरी येऊन कोणाला जाग येऊ नये म्हणून जसे चालतात, तसे भर उजेडात, जॉगिंग ट्रॅकवर. वास्तविक चालताना माणूस टाच आधी टेकतो, बूट असो वा नसो. ती त्याची जन्मजात रीत आहे आणि चालण्यात ताकद वाचते ती त्यामुळेच. अनवाणी बुटाने फरक एवढाच पडतो, की टाच हळू टेकते, पाऊल आखूड पडते आणि दणादणा चालणारा माणूस जरा नरमतो. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना या बुटाचा लाभ घालणाऱ्याच्या आधी होतो.

तेजीनंतर कोर्ट आले. २०१२ मध्ये अमेरिकेत व्हिब्रमवर ग्राहकांच्या वतीने दावा लागला: या बुटांनी पायांचे स्नायू बळकट होतात आणि इजा कमी होतात, असे जाहिरातीत म्हटले होते, त्याला शास्त्रीय आधार काय? २०१४ मध्ये कंपनीने कसलाही दोष मान्य न करता ३७.५ लाख डॉलर बाजूला काढून तडजोड केली. त्याच सुमारास वारा फिरला. २००९ मध्येच फ्रान्समध्ये सुरू झालेल्या होका या कंपनीचे गादीसारखे जाड बूट भराभर खपू लागले, आणि ‘जितके पातळ तितके बरे’ म्हणणारे काही लोक बूट न बदलता नुसते मत बदलून मोकळे झाले. जाडीची चढाओढ पुढे इतकी वाढली, की २०२० मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. म्हणजे दहा वर्षांच्या आत पायाखालचे रबर चार मिलिमीटरवरून चाळीसवर गेले. पाय तेच होते.

या वादात दोन्ही पक्ष ज्याला साक्षीला बोलावतात तो इथिओपियाचा अबेबे बिकिला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने मॅरेथॉन अनवाणी जिंकली, २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत. तेव्हाची ती जगातली सर्वोत्तम वेळ. पातळवाले इथे थांबतात. जाडवाले पुढे वाचतात: १९६४ मध्ये टोकियोत त्याने बूट घालून २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत पुन्हा सुवर्णपदक मिळवले, तेही अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच. अपेंडिक्स नसण्याचा फायदा झाला, असे म्हणणारा तिसरा पक्ष अजून निघालेला नाही.

मराठी माणसाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्याचा पाय पाश्चात्त्य पायाइतका बुटात मुरलेला नसतो. घरात शिरताना चपला दाराबाहेर निघतात, दिवसाचा बराच वेळ फरशीवर अनवाणी जातो, देवळात तर प्रश्नच नाही. राव आणि जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी १९९२ मध्ये २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून दाखवले, की पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते आणि न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. बोटे झाकणारे बंद बूट सर्वांत वाईट ठरले, सँडल आणि स्लीपर त्याहून बरे. म्हणजे पावलाची कमान राखायला दहा हजारांचा बूट हवाच असे नाही. लहानपणी बूट उशिरा मिळणे हाही उपाय आहे, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना तो आपोआप मिळाला.

पातळ, सपाट सोल इथे नवाही नाही. शाळेचे पांढरे कॅनव्हासचे पीटी शूज आठवावेत. सोल पातळ, उतार जवळपास शून्य, गुंडाळी उत्तम. शनिवारी सकाळी कवायतीला खडू फासून नेले, की इन्स्पेक्शन पार. फक्त पुढून चिंचोळे असल्यामुळे करंगळीला ते मानवत नसत, नाहीतर त्यांना आज परदेशी दुकानाच्या काचेत जागा मिळाली असती. कोल्हापुरी चपलेचे नाव या संदर्भात हटकून घेतले जाते, पण ते अभिमानापोटी. तिचा चामडी तळ सपाट असला तरी तो टणक असतो, टाचेमागे पट्टा नसल्याने बोटांना तिला धरून ठेवावे लागते, आणि पहिले काही दिवस तेल पाजूनही ती चावते ती चावतेच. तिच्यापेक्षा जवळची नातलग म्हणजे बाजाराच्या दिवशी मोचीकडून करून घेतलेली टायरची चप्पल. रारामुरी लोकही जुन्या टायरचाच तळ कापून वर पट्टे बांधतात. त्या नमुन्यावर बेतलेल्या सँडल अमेरिकेतल्या कंपन्या चढ्या दराने विकतात. माणदेशातल्या मेंढपाळाला मात्र आपण कोणत्या चळवळीत आहोत याची कल्पना नसते.

अनवाणी असण्यात हौस आणि नाइलाज असे दोन तट आहेत, आणि बुटांच्या जाहिराती त्यांची बेमालूम सरमिसळ करतात. मिलिंद सोमण २०१६ मध्ये अहमदाबादहून मुंबईपर्यंत अनवाणी धावले ते हौसेने आणि तयारीने. बारामतीच्या लता करे २०१४ मध्ये नऊवारी नेसून शर्यतीत अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या, त्या नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवे होते म्हणून. दुसऱ्या धावण्याला प्रेरणादायी म्हणणे सोपे आहे. त्यावरून बूट विकणे बरे नव्हे.

आता प्रत्यक्ष वापर. पाच बोटांचा बूट पहिल्यांदा घालण्यासाठी बसायला पाट, भरपूर उजेड आणि सुट्टीचा दिवस लागतो. अंगठा मुकाट्याने आपल्या जागी जातो. त्याच्या शेजारची दोन बोटे थोडी समजूत घातल्यावर ऐकतात. चौथे बोट पाचव्याच्या घरात शिरते, आणि ते बाहेर काढून मार्गी लावेपर्यंत करंगळी बाहेरच राहते. तिला आयुष्यात कोणी स्वतंत्र खोली दिलेली नसते, त्यामुळे ती गोंधळते. हाताच्या बोटाने तिला धरून आत सोडावी लागते, आणि ती गेली की तिसरे बोट बाहेर आलेले दिसते. जोडवी घालणाऱ्या बायकांची अडचण निराळी. जोडव्यासह बोट कप्प्यात जात नाही, आणि गेलेच तर चालताना ते शेजारच्या बोटाला रुतते. जोडवी काढावीत तर सासूबाईंना काय सांगायचे? मार्ग दोनच: बोटांचे कप्पे नसलेला, पुढून रुंद असा साधा प्रकार घ्यावा, किंवा सासूबाईंनाही एक जोड घ्यावा.

व्यायामशाळेत हा बूट लवकर रुळतो. जमिनीवरून वजन उचलताना पायाखाली मऊ गादी असली तर तोल डळमळतो. सपाट, न दबणारा सोल बरा. तालमीत हे पूर्वापार ठाऊक आहे. जोर-बैठका, मल्लखांब आणि लाल मातीतली कुस्ती हे सगळे अनवाणीच चालते, आणि आखाड्यात बूट घालून उतरणाऱ्याला वस्ताद काय म्हणतील ते छापण्याजोगे नसते.

डोंगरावर मात्र परीक्षा होते. सिंहगड घ्या. आतकरवाडीतून वर सुमारे सहाशे मीटरची चढण. चढताना पातळ सोल खरोखर छान वाटतो: कातळाचा खरखरीतपणा समजतो, पाऊल कुठे पक्के बसले ते पायच सांगतो आणि घोटा मुरगळण्याची भीती कमी होते, कारण पाय जमिनीपासून उंचावर नसतो. दगड मात्र तळव्याच्या नेमक्या मध्यावर येतात. तिथे सुपारीएवढा खडा आला की बुद्धिमान माणसालाही क्षणभर मातृभाषेखेरीज काही सुचत नाही. काटे हा दुसरा विषय. सराटा आणि बाभळीचा काटा चार मिलिमीटर रबर ओलांडून येतात, आणि सोल लवचीक असल्यामुळे काटा आत अडकून पुढच्या प्रत्येक पावलाला नव्याने भेटतो. खरी गंमत उतरताना. वाळलेल्या वाटेवर मुरमाचा घसारा असतो आणि त्यात रुतवायला खोल खाचा लागतात. चढताना तळव्याच्या ज्ञानेंद्रियांवर बोलणारा ट्रेकर उतारावर बसून घसरताना वेगळ्याच इंद्रियाने जमीन अनुभवतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर तर सपाट सोल नकोच. सह्याद्रीत भटकणारे जुनेजाणते लोक चांगली पकड असलेल्या स्वस्त देशी बुटांची शिफारस करतात, ती उगाच नव्हे. एवढ्यात डोक्यावर दह्याची मडकी घेतलेली एखादी मावशी साध्या रबरी चपलेत झपझप वर जाते आणि घसाऱ्यात बसलेल्या ट्रेकरला विचारते, ‘पाय दुकत्यात व्हय?’ ट्रेकर तिला शून्य उताराचा सिद्धान्त सांगू लागेपर्यंत ती पुढच्या वळणावर पोचलेली असते.

सवय करायची रीत कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच ती पाळली जात नाही. आधी घरात वापर, मग रोज दहा-पंधरा मिनिटे सपाट वाटेवर, जुने बूट न फेकता आलटूनपालटून, आणि धावणे त्यानंतर काही महिन्यांनी. दुखले की थांबायचे. अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी धावपटूंना दहा आठवड्यांत पाच बोटांच्या बुटांची सवय करायला लावून एमआरआय काढला, तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पावलांच्या हाडांत सूज आढळली. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. स्नायू आठवड्यांत तयार होतात, हाडे आणि कंडरा त्याहून सावकाश, आणि हौस मात्र एका रात्रीत. मधुमेहाने ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी या बुटांच्या वाटेला जाऊ नये. पायाला लागल्याचे कळलेच नाही तर जखम चिघळते. टाचदुखीवाल्यांना डॉक्टर मऊ एमसीआर चप्पल लिहून देतात, तिच्या जागी हा पातळ बूट स्वतःच्या जबाबदारीवर आणणे म्हणजे डॉक्टरांची दुसरी फी ठरलेलीच.

देखभाल सोपी आहे. बूट मोज्यांशिवाय घातले जातात, त्यामुळे वास लवकर येतो, आणि तो आला की बूट आपोआप गॅलरीत हलवला जातो. बहुतेक प्रकार थंड पाण्यात धुता येतात. पाच बोटांचा बूट जुलै महिन्यात वाळवायचा असेल तर प्रत्येक बोटात वर्तमानपत्राचा बोळा कोंबावा. रविवारची पुरवणी दोन्ही पायांना पुरते. सोल पातळ असल्यामुळे डांबरी रस्त्यावर तो लवकर झिजतो, बहुधा टाचेच्या बाहेरच्या कडेला आधी. बूट दुरुस्तीसाठी नाक्यावरच्या मोचीकडे नेला, तर मोची आधी तो उलटसुलट करून पाहतो, मग गुंडाळी करून पाहतो आणि शेवटी म्हणतो, ‘यात काय राह्यलंच न्हाई, साहेब. जाड टायर सोल मारून देतो, खाली टाच बी चढवतो. दोन वर्षं बघायला नको.’ दर वाजवी असतो आणि काम टिकाऊ होते. मात्र तसा सोल लावून घेतलेला बूट या प्रकारात मोडत नाही.